पितरपाटात माणूस शोधायला

पितृपक्षात लोक सोनं घेत नाहीत, गाडी घेत नाहीत, मुलगी बघायला जात नाहीत. मी नेमकी त्याच पंधरवड्यात दौंड-शिरूरकडे माणूस शोधायला जाऊन आले. परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय, सहल कशी झाली?" आमच्या गुहागरकडच्या लोकांना घाट चढून वर गेलेलं माणूस एकतर महाबळेश्वरला गेलेलं वाटतं, नाहीतर इस्पितळात. दौंडला कोणी आपल्या पायांनी आणि हसतखेळत जातं, यावर इथे कोणाचा विश्वास बसत नाही. तेव्हा प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आधी कारण. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं नऊ खोल्यांचं हॉटेल आहे. मी, आमचे हे आणि गावातली दोन माणसं, असा कारभार बरा चालला होता. मग दोघांपैकी एक गोव्याला गेला, दुसरा बोटीवर. त्यातच पुतण्याने हौसेने आमचं हॉटेल मोबाइलवरच्या बुकिंग अ‍ॅपवर चढवून दिलं. तेव्हापासून फोन टिंग वाजला की मी आधी देवाचं नाव घेते. मे महिन्यात एका शनिवारी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं बॅगा घेऊन दारात उभी राहिली. एका कुटुंबाला आम्ही आमची स्वतःची झोपायची खोली दिली, सकाळी गरम घावणे खाऊ घातले, तरी त्या गृहस्थांनी अ‍ॅपवर पाचपैकी एक तारा दिला. खाली लिहिलं, घावणे चांगले होते.

यांनी हाय खाल्ली. मुंबईच्या एका माणसाला हॉटेल दहा वर्षांसाठी चालवायला द्यायचं ठरवून टाकलं. मी म्हटलं, हे सगळं ज्याला झेपेल असं शिकलेलं माणूस आणते. हे म्हणाले, आण. पितृपक्षात करारावर कोणी सही करत नाही, म्हणून मला तेवढी सवड मिळाली. घट बसले की सही. ज्या स्वयंपाकघरात माझा जन्म गेला तिथे उद्या दुसऱ्याचा माणूस उभा राहून मला विचारणार, "काकू, चहा घेणार का?" या एका विचाराने माझी झोप उडाली होती. म्हणून मी निघाले.

दौंड

दौंडला का, तर तिथल्या एका मुलाचं नाव माझ्या चुलतबहिणीने सुचवलं होतं. हॉटेलचा डिप्लोमा झालेला, पुण्यात मोठ्या ठिकाणी उमेदवारी केलेला, स्वभावाने गरीब. मी पुण्याहून गाडीने दौंडला उतरले. स्टेशन एवढं मोठं आणि ऐसपैस की आमचं अख्खं गाव फलाटावर झोपेल. बाहेर पडले तर सगळीकडे नुसतं ऊन आणि आकाश. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये आंबा, फणस, सुपारी काहीतरी असतंच, त्यामुळे शेजारी नक्की किती लांब राहतो ते कळत नाही आणि भांडण करायलाही थोडं चालावं लागतं. इथे सगळंच उघड्यावर. लोकही तसेच. रिक्षावाल्याने पत्त्याच्या आधी मी कुठली, कोणाकडे आले, कशाला आले हे विचारून घेतलं आणि सगळं कळल्यावर म्हणाला, "त्यो न्हाई यायचा तुमच्याकडं. त्याचं लग्न जमतंय."

रिक्षावाल्याचं खरं निघालं. मुलगा कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला होता. आईने पोहे पुढे ठेवले. मी विचारलं, एवढं शिकून डबे कसले भरतोयस? तो हसला, खाली बघू लागला. उत्तर आईनेच दिलं.

"हाटेलात हाय म्हणलं की पोरीवालं चहा बी पुरता पीत न्हाईत. कंपनीत हाय म्हणलं की लगीच पत्रिका मागत्यात. मग म्या काय करू, बाई?"

आमच्या गावातही हेच आहे. फक्त आमच्याकडे 'कंपनी'च्या जागी 'मुंबई' म्हणतात. आम्ही बोलत असताना तो मुलगा टेबलावरचा कागदी रुमाल हातात घेऊन घड्या घालत होता. निघताना बघितलं तर माझ्या पोह्यांच्या बशीशेजारी एक सुबक कमळ उभं होतं. त्याला स्वतःला ते केल्याचं ध्यानातही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण निदान त्याने एक पत्ता दिला. शिरूरला तांबोळी सर म्हणून आहेत, ते खेड्यातल्या मुलामुलींना हॉटेलाचं काम शिकवतात, त्यांच्याकडे जा म्हणाला.

शिरूर

दौंडहून शिरूरला एसटीने जाताना दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. शेजारच्या बाईने मला सांगितलं की या उसात बिबटे राहतात. मी विचारलं, आणि माणसं? ती म्हणाली, माणसं रांजणगावच्या कंपनीत जातात, त्यामुळे बिबट्यांना निवांत असतं.

तांबोळी सर पन्नाशीचे, बारीक, पांढऱ्या दाढीचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या शिरूरचं. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात बरीच वर्षं काढून परत आले आणि बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. अर्ध्या जागेत स्वयंपाकघर, अर्ध्या जागेत सहा टेबलांचं खरंखुरं भोजनगृह. तिथे मुलं रोज शिजवतात, वाढतात, बिल करतात आणि जेवायला शिरूरची माणसं येतात. कागदावर काही नाही. टेबलावरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड मोबाइलने टिपायचा की पदार्थांची नावं येतात. आपण बोट लावलं की ती मागणी आतल्या पडद्यावर जाते. भिंतीपाशी एक भलीमोठी पोलादी भट्टी होती, एक बटण दाबलं की वाफ, दुसरं दाबलं की कोरडी धग. एवढी यंत्रं असूनही सरांची तक्रार वेगळीच. हॉटेलवाल्यांचे रोज फोन येतात, माणसं द्या, माणसं द्या. मुलं शिकतातही चांगली. पण शिकून झालं की घरचे ओढून नेतात.

सर म्हणाले, आधी जेवा, मग बोलू. मी मोबाइलवरची यादी बघत गेले आणि एका नावावर माझं बोट थांबलं. मासवडी. तीन दिवस माशाचं तोंड बघितलं नव्हतं. या कोरड्या मुलखात, तेही पितृपक्षात, मासा मिळतोय याचं मला नवल वाटलं, पण म्हटलं असेल भीमेतला किंवा घोडनदीचा. मी मासवडी रस्सा आणि दोन भाकऱ्या मागवल्या. ताटात बेसनाच्या उकडलेल्या वड्या आल्या, आत तीळ, खोबरं, लसूण असं झणझणीत सारण. मी एक मोडली, दुसरी मोडली. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, यात मासा कुठे आहे? तो बिचारा घाबरून आत गेला आणि सरांना घेऊन आला. सरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की वडीचा आकार माशासारखा, बाकी माशाचा आणि तिचा काही संबंध नाही. आमच्या गावात असलं फसवं नाव कोणी ठेवलं असतं तर त्याला वाळीत टाकलं असतं. पण वडी इतकी चवदार की मी माशाला माफ केलं.

खरी गंमत पुढे झाली. मी मागवल्या होत्या दोन भाकऱ्या. तिसरी न मागता ताटात पडली. मी म्हटलं, नको. मुलगा म्हणाला, बरं, आणि रस्सा वाढून गेला. चौथ्या भाकरीला मी ताटावर हात आडवा धरला. तो तिथेच उभा राहिला. माझा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि तेवढ्यात अर्धी भाकरी ताटात. सरांनी कपाळाला हात लावला. ते मला सांगू लागले की वर्षभर हेच शिकवतोय, आधी विचारा, मग वाढा. पण या मुलांच्या घरी 'वाढू का?' असं विचारणं हा पाहुण्याचा अपमान. विचारलं म्हणजे द्यायचं मनात नाही. तेव्हा पुस्तकात विचारायचं लिहितात आणि टेबलाशी आले की वाढून मोकळे होतात. आत शिजवणाऱ्यांचंही तेच. पडद्यावर दोन भाकऱ्या दिसल्या की चार भाजतात.

मग बिल आलं. माझ्या मोबाइलवर ओळी उमटल्या: मासवडी रस्सा, एक. भाकरी, दोन. आणि तिसरी ओळ, 'आग्रह, तीन'. त्यापुढे शून्य रुपये शून्य पैसे.

मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. हे कोणाचं डोकं, असं विचारलं तर सरांनी गल्ल्याकडे बोट दाखवलं. तिथे सारिका बसली होती. चोविशीतली, वेणी घट्ट, नजर सरळ. महिनाअखेरीला पिठाचा हिशोब कधीच जुळत नसे, कारण बिलात दोन आणि पोटात चार. मुलांना रागावून ती दमली आणि शेवटी तिने यंत्रातच 'आग्रह' नावाचा पदार्थ घातला. वाढा, पण पडद्यावर बोट लावून वाढा. सर आधी चिडले होते. मग पीठ जुळायला लागलं आणि गिऱ्हाईक ते बिल मित्रांना दाखवायला लागलं, तेव्हा गप्प बसले.

ज्याला सगळं झेपेल असं माणूस मला मिळालं होतं. मी सरांना तिथल्या तिथे सांगितलं, ही मुलगी मला द्या. राहायला स्वतंत्र खोली, जेवण, चांगला पगार, मॅनेजरचा हुद्दा. सर म्हणाले, तिला विचारा. ती म्हणाली, आप्पांना विचारा. आप्पा म्हणजे तिचे वडील, गाव राहू, ऊस आणि झेंडू करणारे. ती शिरूरला मामाकडे राहून शिकत होती, तेही कॉम्प्युटरचा कोर्स करते एवढंच गावात सांगून. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण, होता आणि सरांना जेवायचं बोलावणं होतं. सर म्हणाले, चला माझ्याबरोबर. आगंतुक कशी येऊ, म्हटलं, तर सारिकाच म्हणाली, "मॅडम, म्हाळाला आलेलं माणूस परत पाठवत न्हाईत आमच्यात."

राहू

सरांची जुनी छोटी गाडी, पुढे सर आणि मी, मागे सारिका आणि केळीचा एक घड. न्हावऱ्याहून पुढे भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. वाटेत गुऱ्हाळांचा धूर आणि काकवीचा वास. एका गुऱ्हाळावर उतरून गरम गूळ खाल्ला. चुलाण्याशी उत्तर प्रदेशातली माणसं होती आणि ती आमच्याशी अशा अस्सल ठसक्यात मराठी बोलली की मला माझीच भाषा पुस्तकी वाटायला लागली. सर म्हणाले, इथला गूळ ते करतात, हमरस्त्यावरच्या हॉटेलांत मटण ओडिशाची पोरं शिजवतात आणि पाटीवर 'गावरान' लिहितात. गावातलं माणूस फक्त पाटी रंगवतं.

आप्पांचं घर रस्त्याला लागून, समोर पिवळ्याजर्द झेंडूचं वावर. आप्पा साठीचे, उंच, पांढरी टोपी. "या, सर" असं म्हणून त्यांनी सरांना मिठी मारली आणि मला वाकून नमस्कार केला. माझं काम काय ते सरांनी दारातच हळूच सांगितलं. आप्पांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, आधी घास जाऊ द्या.

घास म्हणजे कावळ्याचा घास. तो पत्र्यावर ठेवला होता आणि कावळ्याचा पत्ता नव्हता. पाहुणे हात धुऊन बसलेले, आतून वड्यांचा वास येतोय, आणि सगळे वर तोंड करून बघताहेत. एक म्हातारे म्हणाले, पितरपाटात प्रत्येक छपरावर ताट, एवढे कावळे आणायचे कुठून? मला ते अगदी पटलं. हॉटेलवाल्यांचं आणि पितरांचं दुखणं एकच, कामाला कोणी मिळत नाही. अखेर एक आला, खिरीकडे दुर्लक्ष करून वडा घेऊन गेला आणि पंगत बसली.

त्या पंगतीत मी आप्पांना बघितलं आणि जेवण विसरले. खांद्यावर उपरणं, हातात कढीचं भांडं. कोणाला गोड चालत नाही, कोणाचे दात गेलेत, कोण लाजून मागणार नाही, सगळं त्यांना ठाऊक. पत्रावळीकडे न बघता माणसाच्या तोंडाकडे बघून वाढत होते. सारिका मागून खीर घेऊन येत होती, आणि चालायची लय दोघांची एकच. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही भाताच्या मुलखातल्या. भात घ्या, आमची पोळी नावाला घ्या." मी न सांगता त्यांनी ते ओळखलं होतं.

जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही आज जे केलंत ते शिकायला लोक मोठमोठ्या कॉलेजात फी भरतात. हॉटेल म्हणजे हेच. आप्पा हसले नाहीत.

"ताई, आमच्याकडं हाटेल म्हंजी रस्त्याच्या कडंला खाटा टाकल्याल्या आन् टेबलाखाली बाटल्या. तुमचं तसं नसंल. पण माझ्या पंगतीत बसल्याला माणूस हात जोडून उठतो. तुमच्या पंगतीतला पैसं टाकून उठतो. त्यानं माझ्या पोरीला 'ए' म्हणून हाक मारली तर म्या काय करायचं?"

मी म्हटलं, आमच्याकडे कोणी तसं बोलत नाही. बोलल्यावर लक्षात आलं की हे अगदी खरं नाही. गेल्या हिवाळ्यात एका माणसाने मलाच तशी हाक मारली होती आणि मी त्याला चहा नेऊन दिला होता. तेही सांगून टाकलं. आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

एवढ्यात सारिकाने माझा मोबाइल मागितला. आमच्या हॉटेलचं पान उघडलं, तक्रारी वाचल्या, बुकिंगच्या तारखा खालवर केल्या. मला वाटलं हॉटेलचे फोटो बघतेय. ती म्हणाली, "मॅडम, दारात कुणी आलं आन् तुम्ही खोली दिली, तर इथं ती खोली बंद करता का?"

मी म्हटलं, दारात माणूस बायकोमुलांना घेऊन उभा असताना फोन कोण बघत बसतं? आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं.

"मग मी तिकडं येऊन काय करू? तुम्ही दारातनं माणूस आत घेणार, आन् फोनवरून आलेल्याची मी रोज माफी मागणार." तिने फोन परत दिला. "भाकरीचा आग्रह शून्य रुपयांत बसतो, मॅडम. खोलीचा न्हाई बसत. खोली एकच असती. मी आले तर भरलंय म्हणजे भरलंय. तुमचा सख्खा भाऊ आला तरी."

तिच्याकडे नोकरी मागायला मीच आले आहे असं क्षणभर वाटलं, आणि खरंही तेच होतं. मला रागही आला. माझ्या दारातून आजवर कोणी परत गेलं नाही याचा मला अभिमान होता, आणि ही पोर त्यालाच रोग म्हणत होती. तोंडाने मात्र मी 'बरं' म्हणाले. सर केळं सोलत गालातल्या गालात हसत होते.

आप्पांनी निर्णय दिला नाही. सोयरीक असो की नोकरी, पितरपाटात होकार देत नाहीत. म्हणाले, "आमी न बघता पोरगी देत न्हाई, आन् न बघता कामाला बी पाठवत न्हाई. सांगतो." निघताना मला झेंडूची पाटी दिली. एवढी फुलं घेऊन कोकणात कशी जाऊ म्हटलं, तर तिच्यावर आणखी थोडी ओतली.

यवत

सरांनी मला यवतला सोडलं आणि ते परत गेले. पुण्याच्या एसटीला वेळ होता, म्हणून मी स्टँडजवळच्या एका हॉटेलात बसले. शेवटी हॉटेलवाली दुसऱ्याच्या हॉटेलातच जाऊन बसणार. मालक गल्ल्यावर, सगळे त्यांना मामा म्हणत होते. आत ओडिशाची दोन पोरं. मामा मोबाइलमध्ये मराठीत बोलत आणि मोबाइल आत ओडियात ओरडे. मी विचारलं, चालतं का नीट? मामा म्हणाले, परवा 'रस्सा पातळ कर' सांगितलं तर त्या पोराने पोळीच पातळ लाटली, पण एरवी चालतं. मग माझं येण्याचं कारण कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि राहूच्या त्या पोरीचं नाव-पत्ता विचारायला लागले. मी नाव विसरले म्हणून सांगितलं. धंद्यात एवढं चालतं.

मनातून मात्र मी हताश होते. आप्पा 'सांगतो' म्हणाले होते. आमच्या कोकणात 'सांगतो' म्हणजे नाही. देशावर त्याचा अर्थ काय होतो, ते मला माहीत नव्हतं. घट बसायला फार दिवस उरले नव्हते आणि कराराचे कागद घरी तयार होते.

तेवढ्यात फोन टिंग वाजला. सवयीने देवाचं नाव घेतलं. बघितलं तर अ‍ॅपवर बुकिंग. घटस्थापनेचा दिवस, एक खोली, तीन माणसं, पैसे पूर्ण भरलेले. नाव सारिकाचं. आणि खाली, खास सूचना लिहायची जी जागा असते तिथे लिहिलं होतं: आई-आप्पा हॉटेल बघायला येत आहेत. गिऱ्हाईक म्हणून येतील, ओळख दाखवू नये.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी लगेच यांना फोन लावला. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग घसा खाकरला. हा खाकरा मी ओळखते.

झालं असं होतं की त्याच दिवसासाठी आठ खोल्या आधीच गेल्या होत्या. नववी यांनी सकाळी फोनवर वन्संच्या व्याह्यांना देऊन टाकली होती. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांच्या मुलीचे सासू-सासरे, दीर, जाऊ, असे सगळे नवरात्राचं निमित्त करून समुद्र बघायला येणार होते. "व्याही आहेत गं ते," हे म्हणाले, "त्यांना नाही कसं म्हणायचं?" आणि अ‍ॅपवर खोली बंद केलीत का? तर फोन कोण बघत बसतं. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. वर उपायही सांगितला: तुझी ती राहूची माणसं शेतकरी आहेत, साधी असतील, झोपतील की आपल्या ओटीवर. घावणे कर.

मी फोन ठेवला. बाहेर पुण्याची एसटी लागली होती. व्याह्यांना नकार म्हणजे काय, हे ज्याने घरातली मुलगी सासरी दिली आहे त्यालाच कळेल. वन्सं मला आयुष्यभर ऐकवतील, भाचीला सासरी ऐकून घ्यावं लागेल, दिवाळीच्या फराळात माझ्या चकलीवर कोणी बोलणार नाही. दुसरीकडे आप्पा, उपरणं सावरत आमच्या दारात उभे, भरलेले पैसे मोबाइलवर दाखवताहेत, आणि आम्ही त्यांना ओटी दाखवतोय. ते काही बोलले नसते. हात जोडून परत गेले असते.

कंडक्टर ओरडत होता. मी पाटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि गाडी सुटायच्या आत वन्संना फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. त्यांनी विचारलं, कुठे आहेस, एवढा गोंगाट कसला? मी सांगितलं, यवतला आहे. आणि पुढचं वाक्य एका दमात बोलून टाकलं, कारण मध्ये थांबले असते तर ते कधीच निघालं नसतं.

"वन्सं, घटस्थापनेला खोली नाही. भरलंय."

त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, माझ्या मुलीच्या सासरच्यांना उठवून देताय, असं कोण येतंय एवढं मोठं?

"आमची मॅनेजर येतेय," मी म्हटलं. "तिच्या आईवडिलांना घेऊन, आम्हाला बघायला."